निवारणताईंची कताई

भांडण मिटवायला मध्ये पडणाऱ्याला दोन्हीकडून मार बसतो, हे शहाणपण जगात सगळ्यांकडे असतं. निवारणताईंना ते कुणी सांगितलं नव्हतं असं नाही. सांगायला आलेल्याला त्यांनी वाक्य पुरं करू दिलं नव्हतं, एवढंच.

निवारणताई हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. त्या पाणीपुरवठा कार्यालयात तक्रार निवारण कक्षाच्या खिडकीत बसत. खिडकीशी माणूस यायचा तो लालबुंद होऊन आणि जायचा तो निमूट होऊन. नळाला पाणी यायचंच असं नाही, पण माणसाचा राग जायचा, आणि ताईंच्या मते निवारण ते हेच. हळूहळू कार्यालयात, मग इमारतीत आणि शेवटी सासरच्या मंडळींतही हेच नाव रूढ झालं. नावाचा माणसावर परिणाम होतोच. आपला हात लागला की कुठलाही गुंता सुटतो, असं ताईंना मनापासून वाटू लागलं.

एक गुंता मात्र सुटत नव्हता, आणि तो नेमका घरचा होता. म्हणजे मैत्रिणींचा, पण शाळेपासूनच्या मैत्रिणी म्हणजे घरच्याच. त्यातली एक दंतवैद्य आणि दुसरी वकील. एकदा वकिलाची दाढ ठणकायला लागली, तेव्हा ती अर्थातच डॉक्टरकडे गेली. तोंडाने म्हणाली, "डावीकडची," आणि बोट दाखवलं उजवीकडे. निदान डॉक्टरचं म्हणणं तसं. वकिलाचं म्हणणं असं, की तोंडात कापूस, डोळ्यांवर दिवा आणि पोटात गोळा अशा अवस्थेतल्या माणसाचं बोट पुरावा म्हणून धरता येत नाही. तोंडचा शब्द धरायला हवा होता. डॉक्टरने बोट धरलं आणि उजवी काढली.

"उजवीसुद्धा किडलेलीच होती. आज ना उद्या जायचीच," डॉक्टर म्हणाली.

"आज ना उद्या तूही निवृत्त व्हायचीस. म्हणून आजच दवाखान्याला कुलूप लावू?" वकील म्हणाली, आणि डावी दाढ दुसऱ्या दंतवैद्याकडून काढून घेतली. डॉक्टरला खरा घाव बसला तो इथे. तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद.

यात सर्वांत हाल झाले ते ताईंचे. प्रत्येक नाटक त्यांना दोनदा बघावं लागे, एकदा डॉक्टरबरोबर आणि एकदा वकिलाबरोबर, आणि दुसऱ्या खेपेला विनोद आधीच माहीत असूनही वेळेवर हसावं लागे. शिवाय तिघींच्या हसण्याची मजा दोघींत येत नाही. तिघींत हसू फिरत राहतं, दोघींत एक हसते आणि दुसरी विचारते, "काय झालं गं?"

अशात एक दिवस खिडकीशी एक बाई आल्या. पाणी येत नसल्याची तक्रार होती, पण चेहऱ्यावर अशी काही शांती होती की ताईंना व्यावसायिक मत्सर वाटला. चौकशी करता कळलं, की बाई नुकत्याच शहराबाहेरच्या एका मेंढ्यांच्या फार्मवर हातकताईच्या निवासी शिबिराला जाऊन आल्या होत्या. शनिवार-रविवार नुसती लोकर कातायची.

"गेले तेव्हा माझं आणि जाऊबाईंचं तोंड बघणं नव्हतं," बाई म्हणाल्या. "येताना दोघींनी मिळून एक लड कातून आणली."

ताईंनी त्यांची तक्रार नोंदवली की नाही कोण जाणे, पण शिबिराचा फोन नंबर मात्र लगेच घेतला.

संध्याकाळी घरी त्यांनी बेत जाहीर केला. दोघींना स्वतंत्रपणे शिबिराला न्यायचं. एकीला दुसरी येणार असल्याचा पत्ता लागू द्यायचा नाही. एकदा तिथे समोरासमोर आल्या, की लोकर आपलं काम करेल.

ताईंचे यजमान नकाशे काढण्याच्या कचेरीत होते. आयुष्यभर रेघा मारून त्यांचं बोलणंही रेघेएवढं झालं होतं. ते म्हणाले, "नको."

सासूबाई म्हणाल्या, "मला कुणी विचारलेलं नाही, पण सांगते. तुटलेलं जोडायला जाऊ नये. गाठ पडते, आणि मग ती गाठच टोचत राहते."

हे वाक्य फारच चांगलं असल्यामुळे ताईंनी त्याकडे दुर्लक्ष केलं.

डॉक्टर पहिल्याच फोनला तयार झाली, पण तिला शंका आली. "ती नाही ना येणार?"

"छे!" ताई म्हणाल्या. इथे थांबल्या असत्या तर पुढचं बरंच टळलं असतं. पण नुसता नकार पोकळ वाटतो, त्याला कारणाचा टेकू हवा, ही खिडकीची सवय. "तिला हल्ली जरा कमी ऐकू येतं. कोर्टातसुद्धा समोरचा काय म्हणतो ते कळत नाही म्हणे. म्हणून तर खटले हरते. ती कशाला येतेय अशा ठिकाणी?"

वकिलानेही तेच विचारलं. "ती?" ताई म्हणाल्या, "अगं, तिचे हात थरथरतात आता. सुईत दोरा ओवायची मारामार, ती काय कातणार?"

दोन्ही फोन ठेवल्यावर ताईंना कुठे तरी किंचित टोचलं. पण सत्कार्यासाठी बोललेलं खोटं हे खोटं नसून पूर्वतयारी असते, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. तक्रारदार स्वतःच असला की निवारण पटकन होतं.

मग शिबिराच्या संचालिकेचा फोन आला. आवाज असा, की पाळण्यातलं मूल उठेल या धास्तीने बोलत असावी. "येताना आपापली लोकर आणायची. मेंढीवरची. स्वतः धुतलेली."

"पण मेंढ्या तर तुमच्याकडेच आहेत!"

"आहेत ना. पण त्यांची लोकर मागच्या शिबिराने संपवली. आता उगवेपर्यंत थांबावं लागेल."

दोघी मैत्रिणींना ताईंनी उदारपणे सांगून टाकलं होतं, "तुझ्या लोकरीचं मी बघते." म्हणजे लोकर तिघींची झाली. कार्यालयातल्या एका मीटर-रीडरच्या मेहुण्याच्या ओळखीने एक गच्च भरलेलं पोतं घरी आलं. पोतं उघडल्याबरोबर घरात मेंढ्यांचा एक अख्खा कळप शिरला; फक्त दिसत नव्हता.

वास जिन्याने वर गेला, खाली गेला, आणि वासामागोमाग सल्ले आले. समोरच्या वहिनी म्हणाल्या, थंड पाण्यात धुवा, नाहीतर घट्ट गोळा होतो. तळमजल्यावर एक निवृत्त स्टेशनमास्तर राहत. ते म्हणाले, उकळत्या पाण्याशिवाय लोकरीचं मेण सुटत नाही. वाफेच्या इंजिनाशी आयुष्य गेलं असल्याने वाफेबद्दल त्यांचा शब्द अखेरचा समजावा. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, धुऊच नका. सासूबाई म्हणाल्या, मला कुणी विचारलेलं नाही.

ताईंनी सुवर्णमध्य काढला. निम्मी लोकर वॉशिंग मशीनमध्ये कोमट पाण्यात घातली आणि निम्मी न्हाणीघरात कढत पाण्यात. मशीनने अर्धा तास घुसळून जे बाहेर दिलं ते लोकर नव्हती. तो एक राखाडी, जाड, घट्ट तुकडा होता आणि मशीनच्या टबाचा नेमका आकार त्याने घेतला होता. यजमानांनी तो उलटा करून पाहिला आणि म्हणाले, "टोपी." न्हाणीघरातली लोकर मात्र पांढरी स्वच्छ निघाली. तिचं मेण कढत पाण्याबरोबर मोरीतून खाली गेलं, पाइपमध्ये थंड झालं, आणि जिथे थंड झालं तिथेच बसलं. बरोबर थोडी लोकरही घेऊन बसलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टेशनमास्तर दाढी करत असताना पाणी त्यांच्या घोट्यापर्यंत आलं. त्यावर लोकरीचे छोटे छोटे ढग तरंगत होते.

ताई वेळेवर कार्यालयात पोचल्या. खिडकी उघडली तर समोर सेक्रेटरी.

"बोला," ताई म्हणाल्या. खिडकीत त्या ओळख दाखवत नसत.

"आपल्या इमारतीचा पाइप तुंबलाय."

"कारण?"

"तुम्ही."

"कारण म्हणून व्यक्ती लिहिता येत नाही. वस्तू सांगा."

"लोकर!"

"लोकर आमच्या खात्यात येत नाही. आमच्या खात्यात पाणी येतं."

"पाणी येतंच आहे हो! पण खालून येतंय!"

"मग ते सांडपाणी झालं. शेजारची खिडकी."

"शेजारची खिडकी बंद आहे."

"ते रजेवर आहेत. त्यांचं काम सध्या माझ्याकडेच आहे."

"मग घ्या ना लिहून!"

"घेते. पण त्या खिडकीतून."

आणि ताई उठल्या, शेजारच्या खिडकीत जाऊन बसल्या, तिचा पडदा सरकवला आणि म्हणाल्या, "बोला." सेक्रेटरींनी सगळी हकीकत पुन्हा सांगितली. ताईंनी ती शब्दन् शब्द, स्वतःच्या नावासकट उतरवून घेतली, आणि कामात कसूर नको म्हणून 'तातडीचे' असा शेराही मारला. स्वतःविरुद्धची तक्रार इतक्या निःपक्षपातीपणे नोंदवणारा नोकर आपल्या खात्यात दुसरा नसेल, या विचाराने दिवसभर त्यांना बरं वाटत होतं. इमारतीत तसं कुणाला वाटत नव्हतं.

संध्याकाळी प्लंबरने पाइपमधून ओढून ओढून एक लांबच लांब, पीळदार, करकरीत दोर बाहेर काढला. स्टेशनमास्तर तो न्याहाळत राहिले. "ताई," ते म्हणाले, "तुम्ही शिबिराला उगाच जाताय. आपला पाइप उत्तम काततो."

शनिवारची रजा मिळवणंही सोपं गेलं नाही. साहेबांनी कारण विचारलं. ताई म्हणाल्या, कताई. साहेब म्हणाले, कताईला रजा नाही; आजारपणाला आहे, लग्नाला आहे, मयताला आहे. यातलं जवळचं काय पडेल ते सांगा. ताईंनी थोडा विचार करून आजारपण निवडलं. पुढे काय होणार ते माहीत असतं, तर कदाचित तिसरं निवडलं असतं.

निघायची व्यवस्था मात्र ताईंनी चोख आखली होती. त्या स्वतः डॉक्टरच्या गाडीतून आधी निघणार. वकिलाला मागाहून यजमान घेऊन येणार.

"वाटेत काही बोलायचं नाही," त्यांनी यजमानांना बजावलं.

"मी कधी बोलतो?" यजमान म्हणाले, आणि ते खरंच होतं. पण गप्प माणूस आणि वकील यांना एका गाडीत बसवू नये, हे ताईंच्या लक्षात आलं नाही. निघाल्या निघाल्या वकिलाने विचारलं, "गाडीत एवढी जागा असताना ती आधी का गेली? आणि कुणाबरोबर गेली?"

यजमान रस्त्याकडे बघत म्हणाले, "पुढे वळण आहे."

रस्ता फूटपट्टीने आखल्यासारखा सरळ होता. वकील पाठ टेकून बसली. साक्षीदार फुटल्यावर ती कधीच पुढचा प्रश्न विचारत नसे.

फार्मच्या अंगणात ताई आणि डॉक्टर उभ्या होत्या, तेव्हाच गाडी आली. वकील उतरली. यजमानांनी तिची बॅग खाली ठेवली आणि एरवी बैलगाडीच्या चालीने गाडी हाकणारा हा माणूस असा काही सुसाट परत फिरला, की धुरळा खाली बसायला वेळ लागला. धुरळा बसला तेव्हा दोघी समोरासमोर उभ्या होत्या. डॉक्टरने ताईंकडे पाहिलं. वकिलाने ताईंकडे पाहिलं. वकिलाने तोंड उघडलं, "तू—"

आणि घंटा झाली.

संचालिका ओठांवर बोट ठेवून पायऱ्या उतरत होती. "आता मौन," ती कुजबुजली. "उद्या दुपारच्या जेवणापर्यंत. आता फक्त हात बोलतील."

शिबिरात मौन असतं, हे खिडकीतल्या त्या शांत बाईंनी सांगितलं नव्हतं. किंवा सांगत असतील तेव्हा ताई बोलत असतील.

वकिलाचं तोंड थोडा वेळ उघडंच राहिलं, मग मिटलं. तिने आयुष्यभर कायद्याचं खाल्लं होतं. नियम म्हणजे नियम. डॉक्टर गप्प राहिली ती हट्टाने. आधी बोलेल तो हरला. ताई एकट्याच अशा होत्या, की ज्यांना बोलायचं होतं, समजवायचं होतं, दोन्ही बाजू मांडायच्या होत्या, आणि तेवढंच करता येत नव्हतं.

मौनात माणसाला किती राग व्यक्त करता येतो, ते त्या दिवशी ताईंना कळलं. वकील त्यांना पाण्याचा तांब्या द्यायची, तो समन्स बजावल्यासारखा. डॉक्टर लोकर विंचरायची आणि मध्येच विंचरणीचे दाते वर करून ताईंच्या तोंडाकडे अंदाज घेतल्यासारखं बघायची. जेवणात उकडलेल्या भाज्या होत्या. त्या चावण्याचा आवाजसुद्धा दोघींनी ताईंना उद्देशून केला.

कातण्याची तर निराळीच तऱ्हा. आधी टकळी दिली. डॉक्टरच्या टकळीवर बघता बघता केसासारखं सूत उतरू लागलं. वकिलाचं सूत जाड पण अखंड. एकदा पकडलेला मुद्दा ती सोडत नसे, तसाच धागाही. ताईंच्या सुताने मात्र मनावर घेतलं तर अजगराचं रूप घ्यावं, नाहीतर तुटावं. तुटलं की टकळी टाणकन खाली पडायची आणि सगळं शिबिर वळून बघायचं. संध्याकाळपर्यंत त्यांच्याकडे वळून बघण्याचाही लोकांना कंटाळा आला. एरवी शंभर माणसांचा आरडाओरडा हसतमुखाने सोसणाऱ्या ताईंना हे वळून न बघणं फार लागलं.

तिघींना खोली एकच होती, आणि खाट ताईंना मिळाली ती मधली. त्याबद्दल अधिक न लिहिणं बरं.

रविवारी सकाळी मोठे चरखे निघाले. एकाने चाक फिरवायचं, दुसऱ्याने विंचरलेल्या लोकरीच्या पेळूतून धागा ओढायचा, जोडीचं काम. ताईंना संधी दिसली. जोड्या लावायच्या वेळी त्या झटकन बाजूला सरकल्या आणि एका धिप्पाड बेकरीवाल्याशेजारी जाऊन उभ्या राहिल्या. उरल्या डॉक्टर आणि वकील. संचालिकेने दोघींना हाताला धरून एका चरख्यापाशी बसवलं. वकील चाक फिरवू लागली, डॉक्टर धागा ओढू लागली. एकमेकींकडे न बघता.

ताईंचा जीव तिकडे. चाक जरा जोरात फिरलं की डॉक्टरच्या कपाळावर आठी पडे. धागा जरा ताणला की वकिलाची हनुवटी वर जाई. पण धागा तुटत नव्हता. बघतायत का? बघितलं का एकमेकींकडे? ताई वाकल्या. नीट दिसेना म्हणून अजून वाकल्या. त्यांची लांब वेणी खांद्यावरून पुढे घसरली आणि तिचं टोक त्यांच्याच चरख्याच्या फिरत्या चातीवर, म्हणजे धागा गुंडाळणाऱ्या सळईवर, अलगद जाऊन टेकलं.

चरख्याला लोकर काय आणि केस काय. त्याने वेणी घेतली.

बेकरीवाल्याने संचालिकेच्या सांगण्यावरून डोळे मिटले होते. रोज पहाटे मणभर पीठ मळणारा तो हात. मोठ्या श्रद्धेने चाक फिरवत होता. ताईंनी आधी "अं" केलं. मौनाचा भंग आपल्या हातून नको. मग "अं अं" केलं. बेकरीवाल्याला वाटलं बाईंची समाधी लागतेय. त्याने वेग वाढवला. ताईंचं डोकं चातीच्या दिशेने निघालं, आणि कान लाकडाला टेकला तेव्हा शिबिरातला पहिला शब्द उच्चारला गेला. तो होता, "मेले!"

डॉक्टर आणि वकील एकदमच उठून धावल्या. ताई चरख्याला गाल लावून आडव्या. वेणी, पेळू आणि चाती यांचा मिळून एक पांढरा-काळा नारळ झाला होता.

"कापायचं," वकील म्हणाली.

"मुळीच नाही. सुटेल ते," डॉक्टर म्हणाली.

"तुझं सगळं उलटंच. जे काढायचं ते ठेवतेस आणि ठेवायचं ते काढतेस!"

इतक्या काळानंतरचं हे पहिलं वाक्य. सगळे चरखे थांबले. बेकरीवाल्याने डोळे उघडले.

"बोट कुणी दाखवलं होतं?" डॉक्टरने विचारलं.

"शब्द कुणी उच्चारला होता?"

"शब्द? तोंडात कापूस असताना तू 'डावीकडची' म्हणालीस ते मला 'आवीअअची' असं ऐकू आलं!"

"मग परत विचारायचं होतंस!"

"बायांनो, माझी मान—" ताई म्हणाल्या.

"तू गप्प!" दोघी एका सुरात म्हणाल्या.

मान अवघडलेली असूनही ताईंचं काळीज हललं. दोघी बोलत होत्या! आता फक्त योग्य दिशा द्यायची होती. खिडकीतला आवाज काढून त्या चरख्यावरूनच म्हणाल्या, "हे बघा, दोघींचंही आपापल्या जागी बरोबर आहे. डॉक्टर, तू सोडवायला घे—"

"ही सोडवणार?" वकील म्हणाली. "हिचे हात थरथरतात, असं तूच सांगितलंस ना?"

मेंढ्यांच्या गोठ्यातून एक लांबलचक बें ऐकू आलं.

"माझे काय?" डॉक्टरने विचारलं.

"हात. थरथरतात म्हणे. सुईत दोरा ओवता येत नाही."

"असं ही म्हणाली? एका दंतवैद्याबद्दल?" डॉक्टर सावकाश वळली. "आणि मला म्हणाली, तुला ऐकू येत नाही. म्हणून खटले हरतेस."

"मी हरते?"

"मी विश्वास नाही ठेवला," डॉक्टर तावातावाने म्हणाली. "तुझे कान? अगं, मी पलीकडच्या खोलीत सुई उचलली, तर नुसत्या आवाजावरून तू ओरडलीस, 'एवढी मोठी नको' म्हणून!"

"आणि हिचे हात!" वकील आता सगळ्या शिबिराकडे तोंड करून उभी होती, हात पुढे, कोर्टात असतो तसा. "हिने माझी चुकीची दाढ काढली, मान्य. पण काढली कशी! दुखणं नाही, रक्त नाही. मला घरी जाऊन जेवायला बसल्यावर कळलं, की गेली ती दुसरीच. थरथरत्या हातांचं काम आहे हे? डावी काढली त्या माणसाने मला आठ दिवस पेज प्यायला लावली!"

डॉक्टरचा चेहरा बदलला. "आठ दिवस? गाढव आहे तो. मला फोन का नाही केलास?"

"तू उचलला असतास?"

"नसता उचलला," डॉक्टर म्हणाली. मग जरा थांबून, "पण वाजू दिला असता."

संचालिका मघापासून "आवाज... आवाज..." म्हणत दोघींच्या मागे हात हलवत होती. तिने शेवटी हार मानली आणि मौन संपल्याची घंटा वाजवून टाकली.

मग डॉक्टर कामाला लागली. वकिलाने ताईंचं डोकं दोन्ही हातांत धरलं, मायेने नव्हे, हलू नये म्हणून. डॉक्टर एकेक बट सोडवत गेली; भोवती शिबिरार्थी उभे, आणि तिचा हात तसूभरही थरथरला नाही. शेवटी असा एक पीळ उरला, जिथे केस कुठला आणि मेंढी कुठली ते मेंढीलाही सांगता आलं नसतं. डॉक्टरने कात्री वकिलाच्या हातात दिली. वकिलाने कापलं. ताईंची कमरेपर्यंतची वेणी खांद्यावर आली. टोकाला थोडी लोकर उरली होती.

"झालं ना आता सगळं नीट?" ताई मान चोळत, डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या. "मी हेच म्हणत होते—"

"तिला सांग," डॉक्टर वकिलाला म्हणाली, "आपण दोघी तिच्याशी बोलत नाही."

परतीच्या प्रवासात डॉक्टर गाडी चालवत होती, वकील तिच्या शेजारी, आणि ताई मागे पोत्याबरोबर. पुढे दोघी साठलेलं सगळं बोलत होत्या. एकीने सुरुवात करायची, दुसरीने शेवट करायचा, आणि मग खो खो हसायचं. त्यात ताईंची कितीतरी नाटकं पुन्हा आली. विनोद त्यांना पाठ होते, पण हसायची चोरी.

वाटेत चहाला थांबल्या तेव्हा यजमानांचा फोन आला.

"मिटलं?"

"मिटलं."

"मग आवाज असा का?"

"त्या दोघींचं मिटलं."

"आणि तुझं?"

"माझं प्रकरण विचाराधीन आहे," ताई म्हणाल्या. पलीकडून एक आवाज आला. लग्नानंतर इतक्या वर्षांनी यजमान पहिल्यांदाच मोठ्याने हसत होते. ताईंनी फोन ठेवून दिला.

चहा झाला. आभाळ गच्च भरून आलं होतं. वकील गाडीपाशी आली, पुढचं दार उघडता उघडता थांबली आणि मागचं दार उघडून ताईंच्या शेजारी बसली.

"पुढे ऊन लागतं," ती कुणालाच उद्देशून नसल्यासारखं म्हणाली.

पर्समधून तिने कंगवा काढला, ताईंची अर्धवट वेणी ओढून घेतली आणि तिच्यातली लोकर विंचरायला लागली. दुखत होतं. ताईंनी मान जरा तिच्याकडे कलती केली. थोड्या वेळाने वकील म्हणाली, "काय सत्यानाश करून घेतलायस. गाढव." मग दोघी काही कारण नसताना हसायला लागल्या, आणि हसू थांबेना.

डॉक्टरने आरशात पाहिलं.

"काय झालं?" तिने विचारलं.

दोघी अजूनच हसल्या.

"मी काय तुमची ड्रायव्हर आहे? दोघी मागे बसलात ते!"

वकील म्हणाली, "समोर बघून चालव."

डॉक्टरने ओठ घट्ट मिटले आणि गिअर नको इतक्या जोरात टाकला. आता ती बराच वेळ बोलणार नव्हती, हे तिच्या मानेवरूनच दिसत होतं. ताईंनी पुढे सरकून, डॉक्टरच्या सीटच्या पाठीवर हात ठेवून तोंड उघडलं. वकिलाने त्यांच्याकडे पाहिलं. ताईंनी तोंड मिटलं, हात काढून घेतला आणि खिडकीची काच खाली करून बाहेर बघत बसल्या.